आकडा घरापर्यंत पोचला पाहिजे

१२ मेचा परिचारिका दिन नुकताच पार पडला. जिल्हा रुग्णालयांपासून छोट्या नर्सिंग होमपर्यंत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घातले गेले, हातात मेणबत्त्या धरून शपथ घेतली गेली. १७ मेला जागतिक उच्च रक्तदाब दिन झाला आणि आता २२ मेला जागतिक प्री-एक्लॅम्पसिया दिन येतो आहे. पहिले दोन दिवस वाचकांच्या ओळखीचे आहेत. तिसऱ्याचे नाव, ज्या घरातली बाळंतीण या विकाराने गेली त्या घरातही, पुष्कळदा कोणाला ठाऊक नसते. ‘फिट आली आणि गेली’ एवढेच तिथे सांगितले जाते.

गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाविषयी लिहायला हा पंधरवडा योग्य आहे, कारण या आजाराशी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा गाठ पडते ती नर्सची. डॉक्टर निदान करतात, औषध ठरवतात, बाळंतपण केव्हा करायचे याचा निर्णय घेतात. पण महिन्यामागून महिने दंडाला पट्टा बांधणारी, लघवी तपासणारी, ‘पाय दाखव बघू’ म्हणणारी नर्सच असते. तिने मोजलेला आकडा नोंदवहीत जातो, महिन्याच्या अहवालात जातो, तालुक्याला आणि जिल्ह्याला जातो. ज्या बाईचा तो आकडा आहे, तिच्या घरी मात्र तो क्वचितच पोचतो. आमचे सारे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

या आजाराचे मूळ वारेत आहे. गर्भ रुजताना वारेकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या रुंद व्हायला हव्यात. काही जणींत त्या पुरेशा रुंद होत नाहीत. तेव्हा बाईला काहीच जाणवत नाही. पाचवा महिना सरत आला की, म्हणजे वीस आठवड्यांनंतर, परिणाम आईच्या रक्तवाहिन्यांवर दिसू लागतात. काही तासांच्या अंतराने दोनदा मोजूनही रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर आला, तर तो वाढलेला समजतात. त्यासोबत लघवीत प्रथिने जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट यांवर परिणाम दिसला, तर तो प्री-एक्लॅम्पसिया. झटके आले की एक्लॅम्पसिया. १६०/११० हा आकडा घाईचा. तिथून मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते आणि दाब उतरवायला तासभरही दवडून चालत नाही. पोटातल्या बाळाची वाढ खुंटते, वार वेळेआधी सुटू शकते, बाळ दिवस भरण्याआधी काढावे लागते. औषधांनी दाब आटोक्यात राहतो, झटके टळतात. पण आजाराचे मूळच वारेत असल्याने तो उतरू लागतो तो बाळंतपणानंतरच.

पहिलटकरीण, जुळी असलेली, पस्तिशी ओलांडलेली, वजन जास्त असलेली, आधीचा मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेली, मागच्या खेपेला हाच त्रास झालेली, आईला किंवा बहिणीला झाला होता अशी, या बायकांना धोका अधिक. यातले काहीही लागू नसलेल्या बाईलाही तो होतो, हे मात्र विसरू नये. घरात कारण शोधले जाते ते तिच्या वागण्यात: फार विचार करते, लोणचे सुटत नाही, दुपारची झोपत नाही. तिच्या हातून काही चुकले म्हणून हा आजार झालेला नाही, हे तिला आणि तिच्या सासूला एकाच वेळी, एकाच खोलीत सांगणे हाही उपचाराचा भाग आहे. अपराधी वाटणारी बाई त्रास लपवते. ‘पुन्हा बोलणी बसतील’ म्हणून डोकेदुखी सांगत नाही.

जगभरातल्या मातामृत्यूंत रक्तदाबाच्या विकारांचा वाटा सुमारे १४ टक्के असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसले. अतिरक्तस्रावानंतर सर्वांत मोठे थेट कारण हेच. आपल्या देशात २०१८-२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. महाराष्ट्राचा आकडा ३३ होता, केरळच्या खालोखाल चांगला. राज्यात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होतात, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने नोंदवले आहे. ही कमाई मोठी आहे आणि तिचा फार मोठा भाग नर्स, एएनएम आणि आशाताईंच्या पायपिटीने मिळवलेला आहे. पण बाई रुग्णालयात पोचते ही एक गोष्ट, आणि ती वेळेत पोचते ही दुसरी. या आजारात सगळे वेळेवर आहे.

कारण हा आजार बोलत नाही. दाब १५० झाला तरी दुखत नाही, खुपत नाही. आणि लक्षणे येतात तेव्हा घरात त्यांचे निदान आधीच झालेले असते. डोके ठणकते ते उन्हाने. बरगडीखाली, पोटाच्या वरच्या भागात दुखते ते पित्ताने. डोळ्यांसमोर काजवे चमकतात ते अशक्तपणाने. चेहरा सुजला तर अंग भरले म्हणून कौतुक होते. खरे तर उजव्या बरगडीखालचे ते दुखणे यकृताला त्रास होत असल्याची खूण असू शकते आणि काजवे झटक्याच्या आधीची सूचना. गरोदरपणी पाय थोडे सुजतातच, त्याने घाबरायचे कारण नाही. पण सकाळी उठल्यावर चेहरा आणि हात सुजलेले दिसणे, आठवड्याभरात वजन एकदम वाढणे, लघवी कमी होणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही दिसले तर थांबायचे नाही.

म्हणून कसलेली नर्स ‘काही त्रास आहे का?’ असे विचारत नाही. त्याचे उत्तर ठरलेले असते: ‘नाही.’ ती विचारते, सकाळी बांगड्या घट्ट होतात का? सुईत दोरा ओवताना धूसर दिसते का? या आठवड्यात पित्ताची गोळी किती वेळा घेतली? डोके दुखते ते झोपून उठल्यावर थांबते की तसेच राहते? या प्रश्नांची उत्तरे बाई देते, कारण ते तिच्या दिवसातले प्रश्न आहेत. अशा चार प्रश्नांना दोन मिनिटे लागतात, आणि प्रयोगशाळेतला कोणताही अहवाल त्यांची जागा घेऊ शकत नाही.

आता मोजण्याकडे जरा जवळून पाहू. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर स्त्रियांची तपासणी होते. त्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसते. बाई एसटीतून उतरते, उन्हातून चालत येते, पायऱ्या चढते आणि रांगेत सरकत थेट स्टुलावर बसते. स्टुलाला पाठ नसते. ब्लाउजची बाही दंडात रुतलेली असते, पट्टा तिच्यावरूनच गुंडाळला जातो. हात अधांतरी. पट्ट्यात हवा भरत असतानाच नाव, वय, कितवी खेप, शेवटची पाळी असे प्रश्न चालू असतात. असा मोजलेला दाब खरा नसतो. खरा मोजायचा तर लघवीला जाऊन आलेली बाई पाच मिनिटे शांत बसली पाहिजे, पाठीला टेकू हवा, पाय जमिनीवर टेकलेले आणि एकावर एक न टाकलेले, उघडा दंड काळजाच्या उंचीवर टेकवलेला, आणि मोजताना दोघींनी गप्प राहायचे. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. ज्या केंद्रात एकाच मापाचा पट्टा आहे, तिथे सिस्टरने कितीही काळजी घेतली तरी चूक होणारच.

नोंदवहीच्या रकान्यात एकाखाली एक ११०/७०, १२०/८०, ११०/७०, १२०/८० असे गोल आकडे दिसले की समजावे, इथे मोजमाप घाईत झाले आहे. खरे मोजलेले रक्तदाब इतके शिस्तीने शून्यावर संपत नाहीत. हा दोष हात चालवणाऱ्या बाईच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. एका सकाळीत दीडशे जणी तपासायच्या, त्याच वेळी लसीकरण, त्याच वेळी ऑनलाइन नोंदी, आणि संध्याकाळी अहवाल. तिने पाच मिनिटे बाईला शांत बसवायचे कुठे आणि केव्हा? तपासणीच्या दिवशी रांगेच्या तोंडाशी पाठ असलेल्या चार खुर्च्या ठेवल्या आणि बायकांना त्यांवरून पुढे सरकत आणले, तरी पाच मिनिटांची विश्रांती आपोआप मिळते. हे करायला मंत्रालयातून आदेश यायची गरज नाही.

लघवीची तपासणी आता पट्टीने होते. पट्ट्या संपल्या तर जुनी पद्धत हाताशी आहेच. परीक्षानळीत लघवी घेऊन वरचा भाग ज्योतीवर तापवायचा, पांढरट गढूळपणा आला तर अ‍ॅसिटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकायचे. गढूळपणा गेला नाही तर त्यात प्रथिने आहेत. स्पिरिटचा दिवा आणि एक नळी एवढ्यावर ही तपासणी होते. ‘पट्टी नव्हती’ ही सबब या आजारात कोणी देऊ नये.

आणि मग आकडा सांगण्याची वेळ येते. बहुतेक ठिकाणी संवाद असा होतो: ‘बीपी थोडं वाढलंय, मीठ कमी खा, टेन्शन घेऊ नका.’ बाई मान डोलावते आणि जाते. घरी गेल्यावर तिला कोणी विचारले तर ती सांगते, ‘सगळं चांगलं आहे म्हणाले.’ या संवादात उपयोगाचे काहीच नाही. ‘थोडं’ म्हणजे किती हे तिला कळले नाही, पुढे काय करायचे ते कळले नाही. मिठाचा सल्लाही फोल आहे. प्री-एक्लॅम्पसिया टाळण्यासाठी गरोदरपणी मीठ तोडू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ पासून स्पष्ट म्हटले आहे. घरी नुसते पडून राहण्यानेही तो टळत नाही. मिठाशिवायचे जेवण घशाखाली न उतरल्याने बाई अर्धपोटी राहते, तेवढेच पदरात पडते.

हाच संवाद वेगळा होऊ शकतो. ‘ताई, आज तुमचा वरचा आकडा १४२ आहे, खालचा ९४. मागच्या महिन्यात ११६ आणि ७४ होता. हा बघा, कार्डावर लिहिलाय. आता डबा खाऊन घ्या, इथेच बसा, दुपारी मी परत बघते आणि डॉक्टरांना दाखवू. मावशी, तुम्हीपण ऐका. डोकं दुखायचं थांबलं नाही, डोळ्यांपुढं अंधारी आली, इथं बरगडीखाली दुखलं, बाळ फिरायचं कमी झालं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. आता मला तुम्ही सांगा, काय काय झालं तर निघायचं?’ शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. बाईने आणि सासूने त्याचे उत्तर आपल्या तोंडाने सांगितले तरच आरोग्यशिक्षण झाले. भिंतीवरचे तक्ते आणि ‘आरोग्यशिक्षण दिले’ असा शेरा यांनी ते झाले असे मानता येत नाही.

सांगण्याची भाषाही तिची हवी. मेळघाटातल्या उपकेंद्रात समोर बसलेली बाई कोरकू बोलते, भामरागडला माडिया, धडगावला पावरी. मराठीतून दिलेली सूचना तिथे अर्धीच उतरते. अशा ठिकाणी गावातली आशाताई ही दुभाषी असते आणि तिला या आजाराची लक्षणे पाठ असणे नर्सला पाठ असण्याइतकेच गरजेचे आहे.

शेजारच्या बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांतला एक अनुभव इथे सांगितला पाहिजे. २०१४ ते २०१६ या काळात तिथल्या एएनएम आणि आशांच्या हाती रक्तदाबाचे सोपे यंत्र आणि धोका सांगणारे मोबाइल अ‍ॅप देऊन गावोगावच्या गरोदर स्त्रियांची घरी तपासणी झाली. पाकिस्तान आणि मोझांबिकमध्येही हाच प्रयोग चालू होता. एकूण निष्कर्ष निराश करणारा होता: यंत्र आणि अ‍ॅप दिलेल्या गावांत आई-बाळांची हानी इतर गावांपेक्षा कमी झाली नाही. पण ज्या बायकांची आरोग्यसेविकेशी आठ किंवा अधिक वेळा गाठ पडली, त्यांच्यात बाळे दगावण्याचे प्रमाण कमी दिसले. आम्ही यातून एवढे घेतो की, यंत्रापेक्षा पुन:पुन्हा होणारी भेट कामाला येते. जागतिक आरोग्य संघटनाही २०१६ पासून गरोदरपणात आठ भेटींचा आग्रह धरते. आपल्याकडे किमान चार भेटी मानल्या जातात, आणि २०१९-२१ मध्ये देशात तेवढ्या भेटी मिळालेल्या स्त्रिया ५८ टक्केच होत्या.

भेटींची ही साखळी आपल्याकडे कुठे तुटते, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे, फक्त तिकडे कोणी धोका म्हणून पाहत नाही. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि लेक माहेरी येते. नेमका हाच काळ या आजाराने डोके वर काढण्याचा, आणि नेमकी पहिलटकरीण हीच त्याच्या धोक्यातली. सासरच्या गावच्या सिस्टरने सहा महिने तिचा दाब पाहिलेला असतो. ११० वरून १३० झाला तर ती भुवई उंचावेल. माहेरच्या सिस्टरला १३० हा आकडा नेहमीचा वाटतो, कारण आधीचा आकडा तिच्यासमोर नाही. कार्ड सासरी कपाटात राहिले, किंवा आणले पण त्यावर गेल्या दोन भेटींच्या नोंदीच नाहीत. माहेरी आल्यावर तपासणीला जायला पंधरा दिवस, महिना निघून जातो, कारण ‘आता आईकडे आली, आराम करू दे.’

ही चाल बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. पहिल्या बाळंतपणात मुलीला आईचा हात हवाच असतो आणि त्या आधाराची किंमत कमी नाही. पण ओटी भरताना खण-नारळासोबत माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत गेले पाहिजे, आणि आल्याच्या आठवड्यात माहेरच्या केंद्रात नाव नोंदवले गेले पाहिजे. सासरच्या नर्सने माहेरच्या नर्सला एक फोन करावा: ‘तुमच्या गावची मुलगी येतेय, सातवा चालू आहे, गेल्या तीन वेळचं बीपी हे हे आहे.’ हे काही जणी आजही स्वत:हून करतात. ते त्यांच्या कामाचा मान्य भाग व्हावे आणि त्यासाठीचा वेळ त्यांच्या कामात धरला जावा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे दु:ख याहून मोठे आहे. बीडहून दिवाळीच्या सुमारास निघालेली गरोदर बाई फडात, कोपीवर, कारखान्याच्या आवारात महिने काढते आणि तिच्या भेटी कुठल्याच नोंदवहीत सलग येत नाहीत. तिच्यासाठी कार्ड हाच एकमेव दुवा आहे, आणि म्हणून त्यावरचा प्रत्येक आकडा वाचता येईल असा लिहिलेला हवा.

गोळ्यांचे थोडक्यात सांगतो. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या स्त्रियांना गरोदरपणी ते पुरेसे दिले तर प्री-एक्लॅम्पसियाचा धोका घटतो. आपल्या सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, जेवणासोबत, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत घ्यायच्या असतात. लोहाच्या गोळीसोबत त्या घ्यायच्या नाहीत, नाहीतर लोह अंगी लागत नाही. गोळी मोठी असते, गिळवत नाही, पोट जड वाटते, आणि मग ती डब्यात साठत जाते. गृहभेटीला गेलेल्या नर्सने ‘घेता ना?’ असे न विचारता ‘डबा दाखवा’ म्हणावे आणि उरलेल्या गोळ्या पाहून रागावू नये, वेळ बदलून द्यावी. जास्त धोक्याच्या बायकांना डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देतात. ‘रक्त पातळ करणारी गोळी पोटुशीला कशाला’ म्हणून घरचे ती बंद करतात, आणि ती का दिली आहे हे कोणी सांगितलेले नसते. आणि ज्या बाईला गरोदरपणाआधीच रक्तदाब आहे, तिला टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिलसारखी गोळी चालू असेल तर ती बाळाला घातक ठरू शकते. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांकडून ती बदलून घ्यायची असते, मनाने बंद करायची नसते. हे विचारण्याची पहिली संधी पहिल्या नोंदणीला बसलेल्या नर्सलाच मिळते.

आता तो प्रसंग, ज्याची सर्वांना भीती वाटते. आकडी आली की अजूनही कुठे कुठे कांदा फोडून नाकाशी धरतात, चप्पल हुंगवतात, दातखीळ उघडायला चमचा घालतात, बाहेरची बाधा म्हणून उतारा टाकतात. यांतले काहीही करायचे नाही. बाईला डाव्या कुशीवर वळवायचे, तोंडातली लाळ बाहेर येऊ द्यायची, आजूबाजूचे टोचणारे-आपटणारे दूर करायचे आणि गाडी बोलवायची. तोंडात काही कोंबायचे नाही.

केंद्रात पोचल्यावर नर्सच्या हातात जे औषध असते त्याने लाखो बायकांचे प्राण वाचवले आहेत: मॅग्नेशियम सल्फेट. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने झटके पुन्हा येऊ न देण्यात ते इतर औषधांहून सरस असल्याचे दाखवले. २००२ च्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांचा समावेश होता, आणि प्री-एक्लॅम्पसिया असलेल्या बाईला ते आधीच दिले तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो हे सिद्ध झाले. भारतीय बायका अंगाने हलक्या, म्हणून त्यांना साजेल अशी कमी मात्रेची पद्धत सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडली. सरकारी सूचनांप्रमाणे, मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी उपकेंद्रातली एएनएमसुद्धा पहिला डोस देऊ शकते. ५० टक्के द्रावणाची एक कुपी दोन मिलिलिटरची, तिच्यात एक ग्रॅम औषध. दहा कुप्या फोडायच्या, पाच एका कुल्ल्यात आणि पाच दुसऱ्या कुल्ल्यात, लांब सुईने खोलवर. हे इंजेक्शन जळजळते आणि अंगातून एकदम उष्णतेची लाट जाते. शुद्धीत असलेल्या बाईला ते आधी सांगायचे, नाहीतर ती घाबरून उठते.

पुढचा डोस द्यायच्या आधी तीन गोष्टी पाहायच्या: गुडघ्याखाली टिचकी मारली की पाय उडतो का, मिनिटाला श्वास सोळाच्या खाली तर गेला नाही ना, आणि ताशी किमान तीस मिलिलिटर लघवी होते आहे का. यांतले एकही बिघडले तर डोस थांबवायचा, आणि श्वास मंदावत असेल तर उशाशी भरून ठेवलेले कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून हळूहळू द्यायचे. रात्रपाळीत एकटी सिस्टर दर तासाला हे पाहते, लघवीची पिशवी उजेडात धरून रेघ वाचते, बाळाचे ठोके ऐकते, खाटेचे कठडे वर आहेत का ते चाचपते आणि बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला दर वेळी काय चालले आहे ते सांगते. प्रसूतीनंतर चोवीस तास किंवा शेवटच्या झटक्यानंतर चोवीस तास, जे नंतर असेल तोवर, हे चालते.

आपल्याकडे बहुतेकांना वाटते, बाळ झाले की संपले. संपत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत रक्तदाब पुन्हा चढतो आणि काही जणींना पहिला झटका तेव्हाच येतो. त्या वेळी ती घरी आलेली असते, बाळंतिणीच्या खोलीत, कान बांधून, शेक-शेगडीजवळ. तिचे डोके दुखले की घरचे म्हणतात, वारा लागला. ज्या बाईचा दाब गरोदरपणात वाढला होता, तिला तरी पहिल्या आठवड्यात घरी येऊन कोणी मोजले पाहिजे. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी येतेच, ती बाळाचे वजन करते, ताप पाहते. तिच्या पिशवीत रक्तदाबाचे यंत्र का नसावे? आणि पुढचे: ज्यांना प्री-एक्लॅम्पसिया झाला, त्यांना पुढच्या आयुष्यात उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका इतरांहून कितीतरी जास्त असतो. ‘दर वर्षी एकदा रक्तदाब मोजायचा’ ही ओळ रुग्णालयातून सुटी देतानाच्या कागदावर लिहिलेली असावी आणि सिस्टरने ती वाचून दाखवावी. चाळिशीत औषधाच्या दुकानात ‘माझं डोकं सारखं दुखतं’ म्हणणाऱ्या किती जणींना पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या बाळंतपणाशी याचा संबंध आहे हे माहीत असेल?

हे सगळे नर्सने करायचे तर तिला काय मिळते? सपाटीवर पाच हजार आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तिथे पुष्कळदा कंत्राटावरची एएनएम, महिन्याचे डझनभर कार्यक्रम. मोठ्या रुग्णालयांच्या प्रसूती कक्षात एकेका सिस्टरकडे इतक्या खाटा की दर तासाची नोंद एकाच वेळी सकाळी भरली जाते. शपथेच्या मेणबत्त्या लावणाऱ्यांनी आधी रिकाम्या जागा भराव्यात. नाइटिंगेल यांच्या हातातल्या दिव्याची आठवण आपण काढतो. १८६७ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातला, त्यांच्याच निधीतून चाललेला प्रसूती कक्ष बाळंतज्वराने माता दगावू लागल्यावर बंद करावा लागला. त्यानंतर त्यांनी बाळंतपणातल्या मृत्यूंचे आकडे ठिकठिकाणांहून गोळा केले आणि १८७१ साली प्रसूतिगृहांवर पुस्तक लिहिले. कोणत्या ठिकाणी किती माता गेल्या हे धडपणे कोणी नोंदवतच नाही, ही त्यांची पहिली तक्रार होती. परिचारिका दिनाला त्यांचे हे काम आठवायला हवे.

आपल्याकडे आता माता मृत्यू अन्वेषण समित्या आहेत. जिल्ह्यात बाळंतीण गेली की बैठक होते, कागद मागवले जातात आणि पहिला प्रश्न असतो, रेफर किती वाजता केले. त्या बैठकीत तिचा दाब शेवटचा मोजणाऱ्या नर्सला खुर्ची मिळावी आणि तिला न घाबरता बोलता यावे. तिला विचारावे की त्या दिवशी तिच्यापुढे किती बायका होत्या, पट्टा कोणत्या मापाचा होता, कुप्या शिल्लक होत्या का, डॉक्टर फोनवर भेटले का. आणि घरच्यांना विचारावे, तिचा शेवटचा आकडा किती होता, हे तुमच्यापैकी कोणाला सांगितले होते का.